आंदोलनातला गुन्हा : जामीन झाला म्हणजे केस संपली नाही

भीमा कोरेगावच्या हल्ल्याच्या निषेधार्थ ३ जानेवारी २०१८ रोजी महाराष्ट्र बंद झाला. त्यानंतर राज्यभर आंबेडकरी तरुणांवर गुन्हे दाखल झाले. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर पुन्हा तेच घडले. अटक झाली की वस्ती धावून येते, वर्गणी निघते, जामीन होतो. मग सगळे आपापल्या कामाला लागतात. केस मात्र कोर्टात तशीच राहते आणि पोलीस भरती, पासपोर्ट किंवा चारित्र्य पडताळणीच्या वेळी आडवी येते.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला तरुण विचारतात, "रेकॉर्डवरून नाव कसं काढायचं?" सरळ उत्तर असे की, ठरावीक वर्षांनी सज्ञान माणसाचा गुन्हेगारी रेकॉर्ड आपोआप पुसणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. म्हणून केस कायदेशीररीत्या संपवणे आणि तिचा कागद हातात ठेवणे, हेच आपले काम.

आधी केस कुठे आहे ते पाहा

एफआयआरची प्रत घ्या. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर केसची स्थिती बघा. चार्जशीट गेली का, पुढची तारीख कोणती, वॉरंट निघाले का, हे कळले पाहिजे. पोलिसांनी 'समरी' अहवाल दिला असेल, तर कोर्टाने तो मंजूर केल्याच्या आदेशाची प्रत मिळवा.

दंड भरून 'मिटवू' नका

जमावबंदी मोडल्याच्या किरकोळ केसमध्ये "गुन्हा कबूल कर, दंड भर, विषय संपव" असा सल्ला हमखास मिळतो. पण कबुली देऊन दंड भरणे म्हणजे दोषसिद्धी. दंड शे-पाचशेचा असला तरी फॉर्मवर 'शिक्षा झाली आहे' असेच लिहावे लागते. वकिलाला विचारल्याशिवाय कबुली देऊ नका.

केस संपवण्याचे तीन मार्ग

पहिला, खटला मागे घेणे. राजकीय-सामाजिक आंदोलनातील खटले मागे घेण्यासाठी राज्य सरकार वेळोवेळी शासन निर्णय काढते. साधारणपणे जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचे नुकसान ठरावीक रकमेच्या आत असावे, अशा अटी असतात. मात्र मंत्र्यांच्या घोषणेने खटला संपत नाही. सरकारी वकिलाला कोर्टात अर्ज करावा लागतो (पूर्वीचे कलम ३२१, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६०) आणि कोर्टाची संमती लागते. आरोप निश्चित होण्याआधी अर्ज मंजूर झाला तर दोषमुक्ती, नंतर झाला तर निर्दोष सुटका.

दुसरा, एफआयआर किंवा चार्जशीट रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज (पूर्वीचे कलम ४८२, आता ५२८).

तिसरा, खटला लढवून निर्दोष सुटणे. यासाठी प्रत्येक तारखेला हजर राहावे लागते.

शिक्षा झाली असेल तर

मुदतीत अपील करा. शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंती परिवीक्षा कायदा, १९५८ खाली करता येते. तसे सोडले, तर कलम १२ नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. दोषसिद्धी मात्र कायम राहते.

घटनेच्या वेळी वय १८ पेक्षा कमी असेल, तर बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम २४ बघा. काही गंभीर अपवाद वगळता अपात्रता लागत नाही आणि नोंदी नष्ट करण्याची तरतूद आहे. त्यासाठी वयाचा पुरावा जपा.

फॉर्मवर लपवू नका

अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विचारलेली माहिती खरीच द्यावी लागते. तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या क्षुल्लक प्रकरणाकडे नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो, पण तो त्याचा अधिकार आहे, आपला हक्क नव्हे. प्रश्न नीट वाचा. अटक, गुन्हा दाखल, प्रलंबित खटला आणि शिक्षा हे चार वेगळे प्रश्न आहेत. खटला प्रलंबित असताना पासपोर्ट हवा असेल, तर त्याच कोर्टाची परवानगी मागता येते.

निकालानंतर

निकालाची प्रमाणित प्रत काढा. एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या आणि तिथली नोंद अद्ययावत करण्याचा लेखी अर्ज करा. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याखाली घेतलेले ठसे व फोटो ७५ वर्षे ठेवता येतात. मात्र पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि सर्व अपिले संपून निर्दोष सुटका झाली असेल, तर कोर्टाचा वेगळा लेखी आदेश नसल्यास ते नष्ट करायचे असतात. तशी मागणी करा.

वकिलाचा खर्च

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातींना, महिलांना आणि कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीचे बौद्धही त्यात येतात. जातीच्या दाखल्यासह जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

कार्यकर्त्यांना आमची विनंती : प्रत्येक विहारात एक वही ठेवा. आपल्या वस्तीतल्या कोणावर कोणता गुन्हा आहे, केस नंबर काय, पुढची तारीख कोणती, हे त्यात लिहा. वही एकाच जबाबदार माणसाकडे असू द्या, कारण ती माहिती चारचौघांत फिरण्याची नाही. येत्या रविवारच्या वंदनेनंतर हे काम सुरू करता येईल.

जय भीम!