कासवाची पाठ मऊ का पडते?

दुकानात रुपयाच्या नाण्याएवढं दिसणारं ‘रेड इअर्ड स्लायडर’ हे मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं कासव. मोठं झाल्यावर त्याची मादी 25 ते 30 सेंटीमीटरपर्यंत वाढते. त्याचं कवच म्हणजे फासळ्या आणि मणके जोडून बनलेलं जिवंत हाड, वर केराटिनचे खवले. म्हणूनच कवचाला इजा झाली की कासवाला वेदना होतात.

कवच मऊ पडण्याचं मुख्य कारण म्हणजे कॅल्शियम आणि ‘ड-3’ जीवनसत्त्वाची कमतरता. हे जीवनसत्त्व कासवाच्या त्वचेत अतिनील-बी किरणांमुळे तयार होतं. खिडकीची काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते, त्यामुळे काचेआडचं ऊन पुरत नाही. नुसत्या सुक्या झिंग्यांवरही कासव वाढवू नये.

कवचावर खड्डे, लालसर किंवा पांढरे मऊ डाग, दुर्गंधी आढळली तर तो जिवाणू किंवा बुरशीचा संसर्ग असू शकतो. घरगुती मलम न लावता पशुवैद्याकडे न्या. पातळ, पारदर्शक खवले गळणं मात्र नैसर्गिक आहे.

टाकीत पाणी 24 ते 28 अंश सेल्सिअस, दमदार फिल्टर, पूर्ण कोरडं होता येईल असा उंचवटा आणि त्यावर उष्णतेचा व अतिनील-बी दिवा हवा. पाणी नियमित, थोडं थोडं बदला.

सांभाळणं जमत नसेल तरी कासव तळ्यात किंवा नदीत सोडू नका. तिथल्या देशी कासवांचं अन्न आणि जागा ते बळकावतं.