पारपत्रावरील देश

चतुर्थीच्या दिवशी इंग्लंडमधील स्विंडन शहरातून गोव्यातल्या घरी दूरध्वनी येतो. माटोळीला काय काय बांधले, आरतीला कोण कोण जमले, याची विचारपूस रात्रपाळीहून परतलेला मुलगा करतो आणि इकडे आई पदराने डोळे टिपते. फोंडा-डिचोलीच्या हिंदू घरांनाही हे आता नवे नाही.

या मुलाचा देश कोणता? १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजोबांची, मग वडिलांची जन्मनोंद लिस्बनला झाली आणि नातू पोर्तुगीज नागरिक ठरला. पोर्तुगाल त्याने पाहिलेला नाही. तिथल्या भाषेचा तर गंधही नाही. ब्रिटनमध्ये तो युरोपीय म्हणून शिरला. २०२० साली ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, तेव्हा तेथे राहण्याचा हक्कही त्याला नव्याने अर्ज करून मागावा लागला. शेजारीपाजारी त्याला भारतीय समजतात. भारताच्या लेखी मात्र, १९५५ च्या नागरिकत्व कायद्यान्वये, तो केव्हाच परदेशी झाला आहे.

परमुलखात परके वाटावे, हे आम्ही समजू शकतो. पण सुटीवर आलेल्या या मुलाला गावच्या पंचायत निवडणुकीत मत नाही, शेतजमीन विकत घेण्याची मुभा नाही. 'ओसीआय' कार्ड खिशात ठेवून ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालायचे!

त्याला देशद्रोही म्हणून हिणवणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. (हिणवणाऱ्यांपैकी काहींच्या घरीही आजोबांच्या दाखल्याचा शोध चालू असतो, ते असो.) पोटापुरती नोकरी तालुक्यात मिळती, तर यांतले किती गेले असते? अर्ज भरताना काय मिळेल तेवढेच दलाल सांगतो. काय जाईल, हे सांगण्याचे काम सरकारने आपल्याकडे घ्यावे.