घरीच काम, घरीच शाळा? पटावरून पोराचं नाव काढण्याआधी हे समजून घ्या

"यंदा शाळा नको, पोराला घरीच शिकवतो," असं म्हणणारे आईबाप आता खेड्यातही भेटू लागलेत. कुणी पुण्या-मुंबईची नोकरी लॅपटॉपसकट गावाकडं आणली आहे. कुणाच्या पडवीत शिलाई मशीन चालतं, ब्लाउज आणि फॉल-पिकोचं काम येतं. वस्तीवरून शाळा लांब, ओढ्याला पाणी आलं की वाट बंद, वडापचं भाडं रोजचं. मग मनात येतं, मी दिवसभर घरीच आहे, मीच शिकवते.

विचार वाईट नाही. पण यात दोन कामं एकाच वेळी करायची असतात आणि कायद्याची बाजूही असते. ती माहीत नसली तर चटका आईबापाला नाही, पोराला बसतो.

लॉकडाऊनने काय दाखवलं

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग भरले ते १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे जे लेकरू जून २०२० ला पहिलीत आलं, ते वर्गात पहिल्यांदा बसलं तेव्हा निम्मी दुसरी सरली होती. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं, मास्तर व्हॉट्सॲपवर अभ्यास टाकायचे. पण घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात, आणि बाप रानात. ज्या घरात कुणीतरी रोज तासभर जवळ बसलं, तिथलं पोर वाचायला शिकलं. निव्वळ फोनवर सोडलेलं पोर फोनच शिकलं.

कायदा काय म्हणतो

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य आहे, असं त्यात लिहिलंय. न घातल्यास आईबापाला शिक्षा मात्र या कायद्यात सांगितलेली नाही. त्यामुळं घरी शिकवणाऱ्यावर लगेच केस होते, असं नाही. पण घरच्या शिक्षणाचा दाखला शाळा देत नाही. दाखला हवा तर मुक्त विद्यालयाची वाट धरावी लागते.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, ही केंद्र सरकारची संस्था. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की तिची दहावी देता येते. एकदा नाव घातलं की ५ वर्षांत विषय एक-एक करून सोडवता येतात. तिची तिसरी, पाचवी आणि आठवीच्या पातळीचीही परीक्षा आहे. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथं पाचवी आणि आठवीपासून परीक्षा देता येते. तिसरी वाट सगळ्यांना ठाऊक असलेली, १७ नंबरचा फॉर्म. पण त्यालाही निदान पाचवी पास असल्याचा कागद लागतो. तेव्हा चौथीतून नाव काढून थेट दहावीला बसवू, हे गणित जमत नाही.

काय हातचं जातं

हे कुणी सांगत नाही. पटावर नाव नसेल तर दुपारचं जेवण, गणवेश आणि पुस्तकं मिळत नाहीत. नवोदयला बसायचं तर पाचवीला मान्यताप्राप्त शाळेत असावं लागतं, आणि तिथल्या निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या, वर्षाला साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाची त्यात निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. घरी शिकणाऱ्या पोराला तिथं दार बंद.

लेक घरी शिकते की राबते?

खरा धोका इथं आहे. मुलगा घरी राहिला तर त्याच्यापुढं पुस्तक ठेवतात. मुलगी घरी राहिली की आधी धाकट्याला सांभाळ, मग भाकरी टाक, मग आईला काजं-बटणं करून दे. महिन्याभरात वही कोनाड्यात जाते. वर्षभरानं विचारलं तरी उत्तर तेच, घरीच शिकते की.

बालकामगार कायद्यात २०१६ ला बदल झाला. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. घरच्या धंद्यात हातभार लावायला मुभा आहे, तीही धोक्याचं काम नसेल तर आणि शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. आता जिची शाळाच नाही, तिची शाळा सुटणार कधी? सातवी-आठवीतली मुलगी 'घरी शिकवायला' काढली असेल, तर बहुतेक वेळा ते शिक्षण थांबवणंच असतं. स्पष्ट बोललेलं बरं.

काम आणि शिकवणं, दोन्ही कसं जमेल

हे नाव काढणाऱ्यांसाठी जेवढं, तेवढंच नाव पटावर ठेवून पावसात महिनाभर पोरं घरी असणाऱ्यांसाठीही.

शाळेसारखे पाच-सहा तास घरी बसवायची गरज नाही. वर्गात मास्तर पंचवीस-तीस पोरांना बघतात, घरी एकच असतं. लहान इयत्तेला मन लावून केलेले दोन तास पुरतात, पण ते रोज आणि ठरल्या वेळी. सकाळची गुरं-धार, डबे उरकले की नऊ ते दहा, आणि दिवेलागणीला तासभर. त्या वेळात मशीन बंद, लॅपटॉप मिटलेला. दहा मिनिटं शिकवायचं, मधेच गिऱ्हाईक आलं म्हणून उठायचं, असं केलं की ब्लाउजही बिघडतो आणि पाढाही. गिऱ्हाइकालाच वेळ सांगून ठेवावी. बायका समजून घेतात.

दोन-तीन लेकरं असतील तर आपली द्विशिक्षकी शाळा आठवा. गुरुजी एका वर्गाला गणितं घालून देतात आणि तेवढ्यात दुसऱ्याला वाचून दाखवतात. घरीही तसंच करावं. थोरल्यानं धाकट्याचं वाचन ऐकलं तर दोघांचंही होतं, फक्त थोरल्याचा मास्तर होऊ देऊ नये.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. आणि गणित तर घरातच पडलंय. डेअरीची पावती घ्या, ६ लिटर ४०० मिली दूध, भाव ३४ रुपये, तर पैसे किती? २१७ रुपये ६० पैसे. पोरानं काढलेला आकडा पावतीशी जुळला की त्याला दशांश कायमचा कळतो. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. टेप घेऊन अंगण मोजायला लावा. मीटरभर कापडात इंच किती बसतात ते आईच्या टेपवरच दिसतं.

फोन एकच असेल तर कामाचा फोन पोराच्या हातात देऊ नका. त्याच्यावर ओटीपी येतात, गिऱ्हाइकाचे पैसे येतात. व्हिडिओ दाखवायचाच तर आधी उतरवून ठेवा आणि शेजारी बसा.

जाता जाता एक. 'घरबसल्या टायपिंग करा, महिना अमुक हजार' म्हणत आधी नोंदणीचे पैसे मागणारे भामटेच असतात. नंतर वकिलाची नोटीस म्हणून भीती घालतात. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन लावा.

दिव्यांग लेकरू असेल तर

तीव्र किंवा बहुविकलांग मुलाला घरी शिकण्याचा हक्क कायद्यानंच दिलाय, २०१२ च्या दुरुस्तीनं. इथं नाव काढायचं नाही, उलट घालायचं. तालुक्याच्या गट साधन केंद्रात जाऊन विशेष शिक्षकाची चौकशी करावी.

परत शाळेत घालायचं तर

वर्षभर घरी ठेवलं आणि जमलं नाही, असंही होतं. त्यात लाज नाही. मूल ९ वर्षांचं असेल तर त्याला वयाप्रमाणं चौथीतच घ्यायचं आणि राहिलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं, असा कायदा आहे. पहिलीत बसवू नये. जन्माचा दाखला नाही म्हणून किंवा जुन्या शाळेचा दाखला यायचा आहे म्हणून प्रवेश अडवता येत नाही. प्रवेश परीक्षाही घेता येत नाही. वर्षाच्या मधेही घेतात. कुणी अडवलंच तर कागदावर अर्ज लिहून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी सांगून यायचं नाही.