निलंग्याचा पिनकोड : एका मूळ संख्येची ओळख

तीन गावं, तीन संख्या

देशात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. दळणवळण मंत्रालयातले हे मराठी अधिकारी संस्कृतचे कवीही होते. टपालाच्या सोयीसाठी लातूर शहराला ४१३५१२, नांदेडला ४३१६०१ आणि निलंग्याला ४१३५२१ हे क्रमांक मिळाले. तिन्हींत मूळ संख्या एकच, निलंग्याची.

लातूरची संख्या सम आहे. तिची फोड ८ × ११ × ३७ × १२७. नांदेडच्या अंकांची बेरीज १५, म्हणजे ३ ने भाग जाणारच : ३ × ४७ × ३०६१. निलंग्याच्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच भाग जात नाही.

हे ठरवायचं कसं?

त्यासाठी चार लाखांपर्यंत भागाकार करत बसावं लागत नाही. ६४३ चा वर्ग ४१३४४९ आणि ६४४ चा ४१४७३६. आपली संख्या या दोहोंच्या मध्ये आहे. तिचे दोन अवयव असते, तर दोन्ही ६४३ पेक्षा मोठे असूच शकले नसते, कारण मग गुणाकारच ४१३५२१ च्या पुढे गेला असता. म्हणून ६४३ पर्यंतच्या ११७ मूळ संख्यांनी भागून पाहिलं की काम झालं. ७ ने भागल्यावर ३ उरतात, ६१ ने भागल्यावर २, आणि शेवटच्या ६४३ ने ७२. एकदाही बाकी शून्य येत नाही. वही-पेन्सिल घेऊन कोणालाही करता येईल अशी ही पूर्ण सिद्धता आहे, आणि मला तिचं मोल फार वाटतं.

या आकाराच्या संख्यांत साधारण तेरांमागे एक मूळ संख्या सापडते.

दोन वर्गांची बेरीज

४१३५२१ ला ४ ने भागलं की १ उरतो. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि ती मांडणी एकाच प्रकारे होते. सतराव्या शतकात फर्मा या गणितज्ञाने हे सांगितलं, अठराव्या शतकात ऑयलरने सिद्ध केलं. निलंग्याची मांडणी अशी :

६३६² + ९५² = ४०४४९६ + ९०२५ = ४१३५२१

दुसरी जोडी कितीही शोधली तरी मिळणार नाही. ६५ सारख्या संयुक्त संख्येला मात्र दोन जोड्या आहेत : ६४ + १ आणि ४९ + १६.

कापरेकरांची कसोटी

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ‘स्वयंभू’ संख्या शोधल्या. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून ज्या तयार होत नाहीत, त्या स्वयंभू. निलंग्याची संख्या त्यांत बसत नाही : ४१३५०४ मध्ये तिच्या अंकांची बेरीज १७ मिळवली की ४१३५२१ येतात.

लातूरच्या पोटातली १२७

लातूरच्या फोडीतली १२७ म्हणजे २ चा सातवा घात वजा १. अशा रूपाच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली विक्रमी मूळ संख्या याच कुळातली : २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत.

तुमच्या गावाचा पिनकोड?

शेवटी सम अंक किंवा ५ असेल, तर तो मूळ नाही. देगलूरचा ४३१७१७ या चाळणीतून सुटतो, ३ आणि ७ मधूनही सुटतो. पण एकाआड एक अंकांच्या बेरजा घ्या : ४ + १ + १ = ६ आणि ३ + ७ + ७ = १७. फरक ११, म्हणजे ११ ने भाग जातो. आता तुमच्या गावाचा क्रमांक घ्या आणि भागायला बसा.