राखी बांबूची, गिऱ्हाईक नेमकं

मानवेल बांबू फोडताना कोयता गाठीवर घालायचा नसतो. टोकाला खाच घ्यायची, पातं आत रुतवायचं आणि हलके ठोके देत खाली न्यायचं. बांबू आपल्याच रेषेने उकलत जातो. चंद्रपूरच्या एका वस्तीत बचत गटाच्या बायका हे काम करत होत्या आणि मी शेजारी बसून पाहत होतो. बांबूच्या कामट्या, कामट्यांच्या पातळ पट्ट्या. पाठीकडची चिवट बाजू राखीला घ्यायची, पोटाकडची ठिसूळ बाजू वेगळी ठेवायची. पट्टी बोटाभोवती वाकवून बघायची. तुटली नाही तर ती कामाची. मग तासणं, काचपेपर, आडवं-उभं विणून इवलीशी चौकट, मधोमध मणी, मागे सुती दोरा. पट्टीची धार बोट कापते, म्हणून घाई करता येत नाही. दिवसभर बसूनही एका बाईच्या हातून मोजक्याच राख्या होतात.

ऑनलाइन विक्रीचा हिशेब इथूनच सुरू होतो. मोठ्या बाजारात नुसतं ‘राखी’ शोधलं तर ढीग समोर येतो, आणि तिथे किंमत पाहूनच निवड होते. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या राखीपुढे हाताने विणलेली राखी त्या रांगेत टिकत नाही. वर कमिशन, कुरिअर, परत आलेला माल. आणि समजा मागणी आलीच, एकदम हजारोंची, तर ती पुरवायला हात कुठून आणायचे?

म्हणून या गटाने आपल्या मालाखाली तीनच गोष्टी लिहिल्या: चंद्रपूरचा बांबू, प्लास्टिक नाही, पाकिटात मावते. मला तिसरी सर्वांत मोलाची वाटते. दूर असलेल्या भावाला टपालाने राखी धाडणाऱ्या बहिणीला ती चपटी, हलकी आणि न मोडणारी हवी असते. अशा बहिणी संख्येने थोड्या, पण त्या नेमकं हेच शोधत येतात आणि भाव पाडून मागत नाहीत. शिवाय पुढच्या वर्षी पुन्हा येतात. गटातली एक ताई म्हणाली, “सस्ती पायजे असन तं बाजारात ढीगभर हाये जी. आमच्याकडं येते त्याले बांबूचीच पायजे असते.”

इथल्या जंगलांनी याच्या अगदी उलट व्यवहारही पाहिला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद कारखान्यात लगदा व्हायला गेला. माल प्रचंड, घेणारा मोठा, आणि तोडणाऱ्याच्या वाट्याला फक्त मजुरी. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तेव्हा बांबूची मालकी गावाकडे आली. त्या बांबूला घडवून त्याची किंमत वाढवणं हा पुढचा टप्पा. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रातून शिकून निघालेल्या चंद्रपूरच्या मीनाक्षी वाळके यांच्या राख्या परदेशातही पोचल्या, त्यातून ही वाट चालता येते हे दिसलं.

नेमकं गिऱ्हाईक चोखंदळही असतं. घुण लागलेली एक राखी त्याच्या हाती पडली तर ते कायमचं जातं. म्हणून बांबू किमान तीन वर्षांचा, पावसाळा सरल्यावर तोडलेला, बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवलेला आणि सावलीत सुकवलेला लागतो. ऑस्ट्रेलियासारख्या देशात वनस्पतीपासून केलेल्या वस्तूची तपासणी होते, तिथे पाकिटावर ‘बांबू’ असं स्पष्ट लिहावं लागतं. विक्रीसाठीचा फोटोही खिडकीच्या उजेडात काढायचा, म्हणजे पट्टीचा खरा रंग दिसतो.

आषाढात हवा दमट झाली की ओली पट्टी सुकत नाही, तिच्यावर बुरशी धरते. तेव्हा या बायकांच्या हातची राखी हवी असेल, तर मागणी उन्हाळ्यातच नोंदवा. श्रावणात आठवण झाली तर त्यांना नाही म्हणावं लागेल.