दुसऱ्या मंगळवारनंतरचा बुधवार

सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि रस्त्यावरचं डांबर मऊ पडायला लागलंय. गोंदियाचा मे महिना. दुपारी पारा 45 अंशांच्या घरात जातो, म्हणून कचेरीची कामं माणसं सकाळीच उरकायला बघतात. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत एक म्हातारे टंकलेखक लाकडी टेबल मांडून बसलेत. टाइपरायटरवर गमछा टाकलेला. कोणी आलं की गमछा काढतात, नाही आलं की पुन्हा झाकतात.

बाकीची गर्दी पुढच्या दुकानांकडे जाते. कामठा, रावणवाडी, दासगाव, सगळीकडून माणसं आलीत. हातात प्लास्टिकच्या पिशव्या. पिशवीत सातबारा, आधार, बँकेचं पासबुक. उन्हाळी धानाची कापणी झाली, आता आधारभूत खरेदीसाठी नोंदणी करायची आहे. सातबारा सामाईक असेल तर भावाभावांचं संमतीपत्र लागतं. शिवाय कॉलेजच्या प्रवेशाची पोरं आहेत, त्यांना उत्पन्नाचा दाखला हवाय. दाखल्याला स्वयंघोषणापत्र हवंय. सगळ्यांना कागद हवाय, आणि कागद आता वर्डमधून निघतो.

मी तिसऱ्या दुकानात शिरतो. पाटीवर टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. खाली कधीकाळचा लँडलाइन नंबर, उन्हानं उडालेला. सुरुवातीचा 07182 तेवढा वाचता येतो. आत कूलर घरघरतोय. ओल्या खसचा वास, झेरॉक्सच्या गरम शाईचा वास. बाकावर सात जण, दारात चार. तीन मशीन, पण काम दोनवरच चाललंय.

"किती वेळ लागन पोरी?" पांढरं धोतर नेसलेले एक काकाजी विचारतात.

"होते काकाजी. मशीन अपडेट मागून राहिली."

टायपिंगला बसलेल्या ताईच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकोन आलाय. आत्ता रीस्टार्ट करा, नाहीतर वेळ ठरवा. ती बाकाकडे बघते, घड्याळाकडे बघते आणि संध्याकाळचे सात टाकते. चौकोन जातो.

हा चौकोन आज आला यात नवल नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट विंडोज आणि ऑफिसची ठिगळं सोडतं. 2003 पासूनचा हा रिवाज. तिकडे मायक्रोसॉफ्टच्या गावी सकाळचे दहा वाजतात तेव्हा, उन्हाळ्यात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. तोवर गल्लीतली सगळी शटरं खाली असतात. बुधवारी सकाळी मशीन चालू होतात आणि काल रात्री निघालेली गोष्ट गोंदियात पोचते. नेमकी गर्दीच्या वेळेला. सुरक्षेतली फट कुठे आहे हे ठिगळासोबतच जगाला कळतं, त्यामुळे फट शोधणाऱ्यांनाही त्याच बुधवारी काम मिळतं. ताईनं सात वाजताची वेळ टाकली. शेजारचे बहुतेक जण दर वेळी 'नंतर' दाबतात. त्यांचं नंतर कधी येत नाही.

एक मुलगा मोबाइल पुढे करतो. "ताई, व्हॉट्सअॅपवर पाठवलाय बायोडाटा." ती ब्राउझरमधून फाइल उतरवते, उघडते. वर पिवळी पट्टी येते, प्रोटेक्टेड व्ह्यू. फाइल इंटरनेटवरून आली आहे, जपून, असं ती पट्टी सांगते. कागद दिसतो, पण त्यात खाडाखोड करता येत नाही. पट्टीच्या टोकाला 'एनेबल एडिटिंग'चं बटण. शेजारच्या मशीनवरचा पोरगा असं बटण न बघताच दाबतो, त्याच्या माउसला जागा पाठ झालीये. ताई आधी कागद वाचते. बायोडाटाच आहे, एका पानाचा. मग बटण दाबते. अगदी तीन-चार सेकंदांचा फरक. मला तो सबंध दिवसात सगळ्यांत मोलाचा वाटतो.

पुढचा माणूस पेनड्राइव्ह देतो. दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेला, टोपण हरवलेलं. गल्लीतला शॉर्टकट व्हायरस सगळ्यांना ठाऊक आहे. फोल्डरवर बारका बाण येतो आणि आतलं गायब होतं. त्यामुळे ताई आधी स्कॅन लावते. रांग चुळबुळते. फाइल उघडते, आणि पिवळी पट्टी येत नाही.

पट्टी नाही म्हणजे फाइल बरी, असा समज इथं सर्रास आहे. खरं कारण साधं आहे. इंटरनेटवरून उतरलेल्या फाइलला विंडोज एक खूण चिकटवतं आणि वर्ड ती खूण बघून पट्टी दाखवतं. साध्या पेनड्राइव्हची जी मांडणी असते, एफएटी 32, तिच्यात ही खूण ठेवायला जागाच नाही. फाइल पेनड्राइव्हवर चढली की खूण गळून पडते. ती कुठून आली हे मग कोणालाच सांगता येत नाही. ना वर्डला, ना ताईला.

साडेअकरा. लाइट जाते. कूलर थांबतो, आणि एकदम सगळ्यांचा आवाज मोठा होतो. इन्व्हर्टरवर दोन मशीन चालतात, पंखा नाही. बाहेर कोणी खर्रा घोटतंय, प्लास्टिकची ती खसखस ऐकू येते. दारातल्या चौघांचे आठ झालेत.

गणिताचे एक सर घाम पुसत आत येतात. त्यांच्या क्लासच्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, आकडे बदलून नव्या करायच्यात. ताई फाइल उघडते. वर्गमुळाच्या चिन्हावर दोनदा क्लिक करते. चौकट येते, इक्वेशन एडिटर उपलब्ध नाही. पुन्हा क्लिक. पुन्हा तेच.

"बाजूच्याकडं तर उघडते," सर म्हणतात.

उघडतं, खरं आहे. बाजूच्या दुकानातल्या मशीनवर कोण्या टेक्निशियननं टाकून दिलेलं जुनं ऑफिस आहे आणि अपडेट कायमचं बंद आहे. चालू ठेवलं तर स्क्रीन काळी होते, असं त्यानं सांगून ठेवलंय. जुनी समीकरणं त्या मशीनवर सुरळीत उघडतात, कारण तो जुना एडिटर तिथं अजून जिवंत आहे.

ज्या एडिटरनं गल्लीतल्या हजारो प्रश्नपत्रिका घडवल्या, तो छोटा प्रोग्राम नोव्हेंबर 2000 मध्ये बांधलेला. 17 वर्षं तो तसाच वर्डसोबत घराघरांत गेला. त्याच्या आत फॉन्टचं नाव ठेवायला ठरावीक मापाची जागा होती. येणारं नाव तेवढ्या जागेत मावतं का, हे तो मोजत नव्हता. 40 किलोच्या कट्ट्यात 60 किलो धान ओतलं तर वरचं सांडतं. इथं जे सांडतं ते ज्या जागी पडतं, तिथं मशीननं पुढं काय करायचं याचा हुकूम लिहिलेला असतो. मग सांडलेलंच हुकूम होऊन बसतं. फाइल बनवणाऱ्यानं मुद्दाम लांब नाव घातलं की मशीन त्याचं ऐकतं. मॅक्रो चालू करायला नको, काही मंजूर करायला नको, पट्टी ओलांडून फाइल उघडली की झालं. नोव्हेंबर 2017 मध्ये त्यावर ठिगळ आलं. जानेवारी 2018 मध्ये तो एडिटरच ऑफिसमधून काढून टाकला. तरीही, मे 2020 मध्ये अमेरिकी सरकारनं मागच्या चार वर्षांत सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या 10 फटींची यादी काढली, तेव्हा ही त्यात होती. ठिगळ येऊन अडीच वर्षं झाली होती. लावलं नव्हतं, एवढंच.

सर थांबत नाहीत. फाइल घेऊन बाजूच्या दुकानात जातात. त्यांचंही चुकत नाही, उद्या सकाळी सातला परीक्षा आहे. ताई क्षणभर दाराकडे बघते. मग उरलेल्या पानावर ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबते. नव्या पद्धतीची चौकट उघडते. ती एक वर्गमूळ टाइप करून बघते, कॉपी करून ठेवते. सर परत आले तर.

एक वाजतो. लाइट येते. आता रांगेत फक्त सावली असलेल्या बाजूची माणसं उरलीत. मी पाटीखाली उभा राहून लिंबू सरबत पितो. समोर 07182. असाच एक फोन कोड आठवतो. मे 2022 च्या अखेरीस वर्डच्या फाइलीतून वापरली जाणारी एक मोठी फट उघड झाली, तिच्या नमुन्यात 0438 हा आकडा सापडला. तो इटलीतल्या फोलिना नावाच्या एका गावाकडचा फोन कोड. फटीला त्या गावाचंच नाव पडलं. गावाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. ती फाइल उघडली की विंडोजचं दुरुस्तीचं साधनच परक्याचे हुकूम पाळायला लागायचं. फाइल आरटीएफ असेल तर उघडायचीही गरज नव्हती, फोल्डरमध्ये तिची झलक दिसली तरी पुरे. ठिगळ 14 जूनला आलं. मधले दोन आठवडे. आपल्याकडे निकालांचे, दाखल्यांचे दिवस. अशाच रांगा, असंच ऊन.

आतल्या खोलीत तिसरं मशीन आहे. त्यावर कापड. विंडोज 7. त्याची ठिगळं 14 जानेवारी 2020 ला थांबली. जुने ठराव, लग्नपत्रिका, सुरेख आणि कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या फाइली, आणि मागे खोचलेलं जुन्या मराठी सॉफ्टवेअरचं लॉक. नव्या विंडोजवर ते चालत नाही. ताईनं त्याची नेटची वायर काढून टाकलीये. वायर गुंडाळून खिळ्याला टांगलीये, कोणी चुकून लावू नये म्हणून.

काकाजींचा नंबर लागतो. त्यांनी जुना कागद आणलाय, घडीवर फाटलेला, मागून सेलोटेप. वर छापलंय, जिल्हा भंडारा. गोंदिया वेगळा झाला 1 मे 1999 ला, त्याच्या आधीचा कागद. त्याच वर्षी 26 मार्चला मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या फाइलीतून फिरला होता. एकानं फाइल उघडली की त्याच्या आउटलुकमधल्या पहिल्या 50 पत्त्यांवर ती आपोआप जायची. म्हणजे हा जिल्हा कागदावर यायच्याही आधी कागद धोक्याचा झाला होता. काकाजींचा कागद मात्र फार तर फाटतो. ताई तो दोन्ही हातांनी धरून स्कॅनरवर ठेवते, झाकण हळू लावते.

"तिघं भाऊ आहो. दोघांच्या सह्या आहेत," काकाजी सांगतात. "तिसरा पुण्याला गेला."

स्कॅन झालेली पानं डेस्कटॉपवर पडतात. तिथं न्यू फोल्डर 14, न्यू फोल्डर 15, असे किती तरी. प्रत्येकात कोणाचं तरी आधार, कोणाचं पासबुक, कोणाच्या मुलीच्या शाळेचा दाखला. निम्म्या तालुक्याची घरं या एका काचेमागं उघडी पडलीत. भिंतीवर सायबर फसवणुकीसाठी 1930 वर फोन करा असा कागद चिकटवलाय. तो पैसे गेल्यावरचा नंबर. जायच्या आधीचं काम या खुर्चीत आहे.

संध्याकाळ. ताई एकेक फोल्डर उघडून बघते, काम झालेलं उडवते, कचरापेटीही रिकामी करते. मग वर्डचं अपडेट. वर्ड बंद झाल्याशिवाय ते बसत नाही. एका दुपारी अर्धी झालेली 17 पानं रीस्टार्टमध्ये गेली होती, तेव्हापासून ती आधी सगळं सेव्ह करते, मग फाइल, अकाउंट, अपडेट ऑप्शन्स, अपडेट नाऊ. मोबाइलचा हॉटस्पॉट लावते. दिवसाचा दीड जीबीचा पॅक, त्यातलं आजचं उरलंसुरलं सगळं इथंच जाणार. सात वाजतात. मशीन बंद होऊन निळं पान येतं. संगणक बंद करू नका. 12 टक्के. शटर अर्धं खाली. कूलर बंद, हातात पुठ्ठ्याचा पंखा. लांब जंक्शनवरून गाडीची शिट्टी येते.

बाजूच्या दुकानातला पोरगा शटरखालून वाकून बघतो.

"काहून बसली ताई अजून?"

"होऊन राहिलं. तुझ्याकडं सर आले होते ना, ते पेपर झाले का?"

"झाले." तो स्क्रीनकडे बघत राहतो. "आमच्या मशीनला होते का हे?"

"तुझं जुनं ऑफिस काढावं लागन. फुकटचं दुसरं आहे, लिब्रेऑफिस, ते टाकू. त्यालाबी नवं आलं की टाकत जा लागते, आपोआप होत नाही. उद्या घेऊन ये, नऊच्या आत."

"अन् गणिताचे पेपर?"

ताई उत्तर देत नाही लगेच. 58 टक्के. "बसून टाइप करू," ती म्हणते. "मी एक वर्गमूळ करून ठेवलं."

तो आत येऊन बाकावर बसतो. 71 टक्के. ट्यूबलाइट एकदा लुकलुकते. दोघंही वर बघतात, मग खाली इन्व्हर्टरच्या हिरव्या दिव्याकडे.