बांधावरून संसदेत (भाग ४) : उसाच्या पट्ट्यातला खासदार

गेल्या आठवड्यात आपण शरद जोशींपाशी थांबलो होतो. कांदा, ऊस, तंबाखू यांच्या भावासाठी त्यांनी लाखो शेतकरी रस्त्यावर उतरवले, पण लोकसभेत ते कधीच पोचले नाहीत. २००४ साली संसदेत गेले ते राज्यसभेतून. त्यांच्याच संघटनेतून फुटलेले शिरोळचे राजू शेट्टी मात्र २००२ला जिल्हा परिषद, २००४ला विधानसभा आणि २००९ला लोकसभा अशा पायऱ्या चढत गेले. गुरूला न जमलेलं शिष्याला का जमलं?

माझ्या मते उत्तर पिकात आहे. कांदा विकणाऱ्याचा समोरचा माणूस रोज बदलतो. आज लासलगावचा व्यापारी, उद्या दुसरीकडचा. उसाचं तसं नाही. कारखाना ठरलेला, चेअरमन ओळखीचा आणि तोड लांबली की वजन घटतं, त्यामुळे दोघांनाही घाई. हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिल्या उचलीचा, म्हणजे पहिल्या हप्त्याचा, आकडा जाहीर करायचा आणि तो मिळेपर्यंत तोडी रोखायच्या, हे शेट्टींचं तंत्र. कायदाही हाताशी होता : ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर पंधरा टक्के व्याज. लढाई दरसाल, तीही त्याच गावांत. म्हणजे निवडणूक नसतानाही कार्यकर्ता तयारच.

त्यात मतदारसंघ हातकणंगले. शिरोळपासून सांगलीतल्या इस्लामपूर-शिराळ्यापर्यंत पसरलेला, बराचसा उसाचा. ‘एक नोट, एक मत’ म्हणत गावोगाव वर्गणी गोळा झाली. ज्यानं खिशातून पैसे दिले, तो मत द्यायला विसरत नाही! दोन वेळच्या खासदार निवेदिता माने पडल्या. २०१४ला, या वेळी भाजप-शिवसेनेच्या महायुतीतून, शेट्टी पुन्हा निवडून आले.

दिल्लीत मात्र गणित वेगळं. २०१७ला त्यांनी रालोआ सोडली. २०१८ला कर्जमुक्ती आणि हमीभाव यांची दोन खासगी विधेयकं मांडली. देशभरातल्या संघटनांची मागणी प्रथमच कायद्याच्या भाषेत लोकसभेत आली, याचं मोल आहेच. पण १९७०नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेलं नाही. कारखान्याचं गेट अडवता येतं, सभागृहात डोकी मोजतात.

२०१९ला शेट्टी काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीत गेले. ज्या साखरसम्राटांविरुद्ध रान पेटवलं, त्यांच्याच मांडवात! निवेदिता मानेंचे चिरंजीव धैर्यशील यांनी शिवसेनेकडून त्यांना हरवलं. जातीपातीची गणितं, लाट हे सगळं होतंच. तरी शेतकऱ्याला हा मांडव रुचला नाही, असं मी म्हणेन. २०२४ला ते कुणाशीच युती न करता लढले आणि तिसऱ्या क्रमांकावर गेले. एकदा तुटलेला विश्वास स्वबळाच्या घोषणेनं परत येत नाही.

पुढील भागात चौधरी चरण सिंह : पंतप्रधान झाले, पण त्या पदावरून लोकसभेला एकदाही सामोरे गेले नाहीत.